जेवणानंतर घ्यायची गोळी

आमच्या घरात या दुखण्याला एकच नाव होतं, उन्हाळी. पौषात झाली तरी उन्हाळीच. लघवीला जळजळ सुरू झाली की एका बाईनं दुसरीच्या कानात सांगायचं, उन्हाळी लागलीय, आणि दुसरीनं मुकाट्यानं सब्जा भिजत घालायचा. पुरुषांना हा आजार ठाऊक नव्हता, कारण त्यांना तो कुणी सांगितलाच नव्हता. त्या काळी धायरी हे गाव होतं. बायकांनी दिवसभर शेतात राबायचं, पाणी शक्यतो प्यायचं नाही, कारण प्यायलं की आडोसा शोधावा लागतो, आणि दिवस मावळेपर्यंत कळ काढायची. या प्रकाराला वळण म्हणत. ज्या बाईला ते जमायचं ती वळणाची. त्यातून पुढं जे व्हायचं त्याचा दोष मात्र उन्हाला.

मी बी.एस्सी. आहे. सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे इथं सांगते, कारण मी ते सगळीकडेच सांगते. घरच्यांनी माझी पदवी ताबडतोब वापरायला काढली. वीजबिल जास्त का आलं, म्हैस दूध का चोरते, टीव्हीत मुंग्या का दिसतात, सगळं मला विचारायचे. "तू शिकलीयास न्हवं?" या प्रश्नाला विषयाची मर्यादा नव्हती. ज्या एका गोष्टीचं मी खरोखर शिक्षण घेतलं होतं, म्हणजे जंतू, तिच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर विचारलं नाही. मी लग्न होऊन नारायण पेठेत राहायला गेले आणि एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. दुधात ई. कोलाय नावाचा जंतू आहे का ते पाहायचं, असं माझं काम. ज्याला शोधायचा मला पगार मिळत होता, तो माझ्या आईकडे वर्षानुवर्षं फुकट राहत होता.

धाकटा भाऊ दहावीच्या पुढं गेला नाही आणि त्याचं काही अडलंही नाही. धायरी शहरात आली, शेताची जमीन गेली, त्या जागी त्यानं चार मजली इमारत बांधली. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना आधी देवघर न दाखवता बाथरूम दाखवले, प्रत्येक खोलीला एक. एवढे नळ हाताशी आले, पण आईचं वळण काही सुटलं नाही. लग्नाला जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट नाही. तिथं कुठं जायचं, असं म्हणायची. कार्यालयात सोय असते म्हटलं, तर सोय असते म्हणून लगेच जायचं असतं का, हे वर.

तेव्हा उन्हाळी येत राहिली. सब्ज्यानं भागेना, तेव्हा ती चौकातल्या डॉक्टरकडून गोळ्या आणायला लागली. दोन दिवस घ्यायची, जळजळ थांबली की गोळ्याही थांबायच्या. उरलेल्या देवघरातल्या फडताळात. मग थोरल्या जावेला तीच तक्रार झाली की त्यातल्या तिला, धाकटीला झाली की तिला. एका माणसाला लिहून दिलेलं औषध तिघींत वाटून तिघींना अर्धवट बरं करण्याची ही पद्धत आमच्या आळीत चांगलीच रुळलेली होती. यानं जंतू मरत नाहीत, शहाणे होतात, असं मी एकदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, चांगली गोळी काय उकिरड्यावर टाकायची का?

जंतू शहाणे झाले. त्या पावसाळ्यात महिन्याआड दुखणं यायला लागलं आणि चौकातल्या गोळ्यांनी काही होईना. शेवटी वहिनीनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, मला फोन केला. आई पलीकडंच बसलेली होती, पण स्वतः फोनवर यायला तयार नव्हती. असलं काही तारेतून बोलायचं नसतं, असं तिचं म्हणणं. मी तिला नारायण पेठेत आणलं, लघवीची तपासणी केली, त्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणती औषधं चालतात तेही बघून घेतलं. जवळजवळ काहीच चालत नव्हतं.

आमच्या घराजवळ एक वयस्कर डॉक्टर होते. शब्द वाया घालवणं त्यांना औषध वाया घालवण्याइतकंच नावडायचं. कागद बघून त्यांनी आईला विचारलं, याआधीच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता का. आईनं माझ्याकडे पाहिलं. कोर्स म्हणजे काय, ते तिला माझ्यामुळं माहीत होतं, पण तो तीन वर्षांचा असतो अशी तिची समजूत होती.

"उरलेल्या गोळ्या काय केल्यात?" डॉक्टर म्हणाले.

"जावांना दिल्या की," आई जरा अभिमानानंच म्हणाली.

"वा. म्हणजे घरी दवाखाना आहे आपला. मग इथवर यायची तसदी का घेतलीत?"

"तुमचं नाव ऐकलं हुतं," आई म्हणाली. ती स्तुती समजून बसली होती.

डॉक्टरांनी पुढचं माझ्याकडे बघून सांगितलं. नायट्रोफ्युरँटॉइन. तुमच्या जन्माच्या आधीपासूनची गोळी. नवीन औषधं लोकांनी चुरमुऱ्यासारखी खाल्ली, ही जुनी म्हणून कुणी विचारत नव्हतं, त्यामुळं अजून शाबूत आहे. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळेल आणि अंगीही नीट लागणार नाही. आठवडाभर, एकही न चुकवता. लघवीचा रंग गडद होईल, त्यासाठी मला फोन करू नका. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखायला लागलं, तर हिचा उपयोग संपला असं समजा. ही गोळी खालच्या मजल्यावरचं काम करते. जंतू वर मूत्रपिंडात चढले की भरती व्हायचं आणि शिरेतून औषध घ्यायचं.

भरती हा शब्द आईला बरोबर ऐकू आला. ती लगेच म्हणाली, नवरात्र तोंडावर आलंय. आमच्याकडे घट बसवणारी बाई नऊ दिवस घराबाहेर मुक्काम करत नाही. एकदा बसली की बसली. डॉक्टर म्हणाले, मग गोळ्या घ्या. आई म्हणाली, घेते की. दोघांचंही किती छान जमलं, असं मला वाटलं.

त्या गोळ्या कॅप्सूलच्या होत्या. कॅप्सूलचं आवरण जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. शिक्षणाचा एक फायदा असा की कुठं गप्प बसायचं ते कळतं.

आई धायरीला परतली आणि गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी वहिनीचा फोन, की आत्याबाई खूश आहेत, लघवीला अगदी हळदीचं पाणी केल्यासारखा रंग आलाय, सगळी उष्णता बाहेर पडतेय म्हणतात. तो रंग औषधाचा आहे, उष्णतेचा नाही, हे मी वहिनीला समजावलं. वहिनीनं ते आईला सांगितलं. आईनं उत्तर पाठवलं, की औषधानंच तर उष्णता बाहेर काढलीय, मग वेगळं काय झालं. वाद मिटला.

मग घट बसले. मी डेअरीतून रोज न चुकता फोन करत होते. गोळी घेतली का, असं विचारायची. ती म्हणायची, जेवल्यावर घ्यायची, ठाऊक हाय मला. मी समाधानानं फोन ठेवायची. मी प्रश्न बरोबर विचारत होते आणि ती एक अक्षरही खोटं बोलत नव्हती. इतका निर्मळ संवाद आम्हा मायलेकींत क्वचितच झाला असेल.

तिसऱ्या माळेला मी दर्शनाला म्हणून धायरीला गेले. घटाभोवतीच्या मातीत धान्याला मोड आले होते, दिवा लागलेला होता, आणि आई भिंतीला पाठ टेकून, पाय जवळ घेऊन बसली होती. तशी ती कधी बसत नाही. वहिनी हळूच म्हणाली, सकाळपासून सारख्या जाऊन येताहेत, आणि अंगात कणकण आहे म्हणतात. मी फडताळ उघडलं. गोळ्यांची पट्टी घट बसायच्या आदल्या दिवशी होती तशीच होती.

"आई, या घेतल्या का नाहीस?"

"घ्यायच्यात की. जेवल्यावर."

"मग तीन दिवस काय केलंस?"

"आगं, उपास न्हाई का माझा? नऊ दिस जेवन कुठं हाय?"

तिच्या पुढ्यात साबुदाण्याच्या खिचडीची रिकामी ताटली होती. बटाट्याची फोड तेवढी कडेला राहिलेली. मी ताटलीकडे बोट दाखवलं. हे काय होतं मग?

"खिचडी. खिचडी खाल्ली. जेवले कुठं?"

मराठीत ज्यांचा जन्म गेला त्यांना यातली अडचण समजावून सांगायला नको. आमच्याकडे माणूस पोहे, शिरा, दोन लाडू आणि चहा घेऊन निघाला तरी घरची बाई हळहळते, न जेवताच गेले. जेवण म्हणजे भाकरी, भात, कालवण. उपासाला जे खातात तो फराळ. तो जेवणापेक्षा जड असतो, जास्त असतो, त्यात तूप आणि दाण्याचं कूट असतं, पण तो जेवण नसतो. तोच तर त्याचा गुण. डॉक्टर म्हणाले होते जेवणानंतर. आईनं त्यांचा शब्द माझ्यापेक्षा काटेकोर पाळला होता.

मी म्हटलं, पोटाला काय कळतंय, खिचडी म्हणजे जेवणच.

ती घटाकडे बघत शांतपणे म्हणाली, "म्हंजी माझा उपास मोडला म्हन."

इथं माझी बी.एस्सी. थांबली. खिचडी जेवण असेल तर गोळी घेता येते, पण मग पहिल्या माळेपासून उपास मोडलेला. खिचडी जेवण नसेल तर उपास शाबूत, पण मग गोळी बंद, आणि ते जंतू एकेक पायरी चढत वरच्या मजल्याकडे निघालेले. तर्कशास्त्राच्या मास्तरांनी फळ्यावर मांडावा असा पेच माझ्या आईनं साबुदाण्यात मांडून ठेवला होता. तोही अंगात कणकण असताना.

उपास सोड म्हणणं मला शक्य नव्हतं. तो उपास माझ्यासाठी धरलेला होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात गटांगळ्या खात होते, तेव्हा आईनं देवीला बोलून तो धरला, आणि मी पास झाल्यावर सोडायचं तिला धाडस होईना. विद्यापीठानं पदवी माझ्या नावानं दिली असली तरी आईच्या हिशेबी अर्धी पदवी साबुदाण्याची होती. अशा बाईपुढं मी विज्ञानाची बाजू कोणत्या तोंडानं मांडणार?

तेवढ्यात भाऊ आला. त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं पुरुषाला सांगता येतं तेवढं. तो म्हणाला, "ताई, एवढा काय विचार करतीस? मोठ्या हॉस्पिटलला स्पेशल रूम घेऊ. एसी. घट तिथंच मांडू आपण, कोण नाय म्हणतंय बघतो." इमारत बांधल्यापासून त्याला सगळ्या अडचणी खोल्यांच्या वाटतात. आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तो गाडी नीट लावून येतो म्हणून खाली गेला.

मी आईला थर्मामीटर लावला. ताप म्हणावा असा नव्हता. कुशीत दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. मग गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ताप आणि कुशीचं विचारून घेतलं, आणि पेचही शेवटपर्यंत ऐकला.

"मी औषधांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले, "धर्मशास्त्राचा नव्हे. पोटात काहीतरी भरीव हवं. त्याला काय म्हणायचं ते आपल्या घरी ठरवा. पण आज ठरवा. उद्या ताप आला तर ठरवायला काही उरणार नाही. आणि कोर्स पहिल्यापासून, आठवडाभर."

फोन बंद. पुण्यात एवढं बोललं म्हणजे काळजी व्यक्त झाली असं धरतात.

गच्चीवरून सिंहगड रस्त्यापर्यंतच्या इमारती दिसत होत्या. मला तिथं कठड्याला टेकून शब्द शोधायचा होता. जेवण नाही, फराळ नाही, असा तिसरा. आणि तो सापडला तो माझ्या सगळ्यात नावडत्या कपाटात. आईचं माहेर लोणी काळभोरचं. तिथले एक वैद्य आम्हा मुलांना पुड्या द्यायचे. पुडी कधी मधातून, कधी तुपातून, कधी आल्याच्या रसातून. ज्यातून औषध घ्यायचं त्याला म्हणायचं अनुपान. मध चाटला तरी आपण मध खाल्ला असं कुणी म्हणत नसे. ते औषधातच जमा. चतुर्थी असो, एकादशी असो, अनुपानानं उपास मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पदवी घेतल्यावर मी या शब्दाची भरपूर टिंगल केली होती. असो. पदवीधरानं टिंगलही अभ्यासून करावी, पुढं कामाला येते.

खाली येऊन मी आईसमोर मांडी घातली.

"डॉक्टरांना विचारलं. गोळी औषध आहे, आणि खिचडी हे तिचं अनुपान."

डॉक्टर असं काही बोलले नव्हते. पण ठरवायला त्यांनीच सांगितलं होतं.

 अनुपान आईला पटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं हरकत काढली. माझ्या शिक्षकांनी तोंडी परीक्षेला काढली नसती अशी.

"अनुपान चमचाभर आसतंय. ताटलीभर कुठलं अनुपान?"

"ती आयुर्वेदाची पुडी. ही गोळी इंग्रजी आहे. हिला अनुपान जास्त लागतं."

"आसं व्हय," आई म्हणाली. "त्यांचं सगळंच जास्त आसतंय."

वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली, हसायला की खिचडी टाकायला, कळलं नाही. खिचडी आली. आई ती घेऊन घटाकडे पाठ करून बसली. फराळ ती घटासमोर बसून करायची, अनुपान बाजूला व्हायला हवं, एवढा फरक तिनं आपल्या मनानं केला. भूक नव्हती तरी ताटली संपवली आणि गोळी घेतली. मी रात्री तिथंच राहिले. थर्मामीटरचा पारा जागचा हलला नाही, आणि सकाळी ती स्वतः उठून माळ गुंफायला बसली, तेव्हा मी डेअरीत फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस व्यवस्थित गेले. व्यवस्थित म्हणजे आईच्या व्यवस्थेनं. अनुपानाची ताटली वेगळी काढली गेली, तिच्यात फराळाचं दुसरं काही वाढायचं नाही. वऱ्याचे तांदूळ फराळात, खिचडी अनुपानात. पाणी प्यायला मी लावायची, तेव्हा तिनं पाण्यालाही अनुपान करून टाकलं, आणि तीस वर्षांत प्यायली नसेल इतकं पाणी आठवड्यात प्यायली. ओटी भरायला आलेल्या बायकांना ती हे सगळं समजावून सांगे. दोघीतिघींनी मला जिन्यात गाठलं आणि आपल्याही गोळ्यांचं अनुपान विचारलं. एकीची तर गुडघ्याची होती. सूक्ष्मजीवशास्त्रात मला इतका मान कधी मिळाला नव्हता. जळजळ चौथ्या-पाचव्या माळेला कमी झाली. एरवी तिनं तिथंच गोळ्या थांबवून पट्टी थोरल्या जावेकडे धाडली असती. पण अनुपान सुरू केल्यावर औषध मधे सोडायचं नसतं, असं लोणीच्या वैद्यांचं बजावणं होतं. तेच मीही सांगून पाहिलं होतं, पण माझ्याकडे पुड्या नव्हत्या.

दसऱ्याला उपास सुटला. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी. घरातल्यांनी आईला आधी बसवलं. ती नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा जेवत होती, आणि कुणाच्याही व्याख्येनं ते जेवणच होतं. शेवटची गोळी तेवढी राहिली होती. तिचा हात धुऊन झाल्यावर मी ती पुढं केली.

"अनुपान कुठं हाय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आज जेवलीस ना. ही गोळी जेवणानंतरच घ्यायची असते. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तेच तर सांगितलं होतं.

"ते साध्या मानसांचं. मला खिचडीवर लागू पडलीय. शेवटच्या येळंला कशाला बदल करायचा?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं साबुदाणा सकाळीच भिजवून ठेवला होता. ती माझ्याइतकी शिकलेली नाही, पण आईबरोबर रोज त्या घरात राहतेय. दोन पुरणपोळ्यांवर आईनं ताटलीभर खिचडी खाल्ली, गोळी घेतली, आणि भिंतीला न टेकता सरळ बसून पानाचा विडा मागितला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तपासणी करून घेतली. काही वाढलं नाही. पूर्ण स्वच्छ. मी तो कागद घेऊन मुद्दाम धायरीला गेले, आणि आईला समजेल अशा भाषेत सांगितलं, की जंतू मेले, औषध पूर्ण घेतल्यामुळं मेले, आता दवाखान्यात भरती व्हायला नको. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला, खूश झाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"लोक उगाच नावं ठेवत्यात साबुदान्याला," ती म्हणाली. "पित्त करतो म्हनत्यात. मला तर चांगला मानवला."